कनात कुणी धरायची?

धायरी फाट्याच्या उड्डाणपुलाखाली संध्याकाळी सातनंतर दहा मिनिटं नुसतं उभं राहिलं तरी कानावर पाच-सहा जिल्हे पडतात. सातारा, सोलापूर, बीड, लातूर, नगर, मधूनच एखादा कोकणी हेल. कुणी नऱ्ह्याच्या वर्कशॉपमधून सुटलेलं, कुणी आसपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं, कुणी शहरातून सिंहगड रस्त्याच्या गर्दीत रखडत आलेलं. बस येईपर्यंत, रिक्षा भरेपर्यंत, भेळेचा कागद हातात पडेपर्यंत जो तो मान खाली घालून मोबाइलमध्ये. आणि तिथे प्रत्येकाला आपापला मुलूख दिसत असतो. बारामतीकडच्याला कांबळेश्वरची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’, सातारकराला ‘कोरी पाटी’च्या ‘गावाकडच्या गोष्टी’, नगरवाल्याला सारोळा कासारची ‘आपली आजी’, सिंधुदुर्गातल्याला प्रसाद गावडेचा ‘कोकणी रानमाणूस’.

धायरी तशी जुनी. धारेश्वराचं देऊळ गावाचं, बाकी बरंचसं काल-परवाचं. बेनकर वस्ती, रायकर मळा, चव्हाण बाग ही नावं अजून शेतीची आहेत, इमारती मात्र सात-सात मजली. गावाचा उरलेला भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये इतर दहा गावांबरोबर महापालिकेत गेला. कागदोपत्री माणसं पुणेकर झाली, पण यात्रेला, लग्नाला, मतदानाला गाडी अजून गावाकडेच वळते. अशा वस्तीत ऑनलाइन कलाकाराची जागा वेगळी असते. तो नुसता करमणूक करत नाही, सोडून आलेल्या अंगणात रोज रात्री अर्धा तास नेऊन बसवतो.

म्हणून या लेखासाठी मी धायरी धरली. यूट्यूब-इन्स्टाग्रामच्या लोकप्रिय मंडळींवर दिवाळी अंकांत भरपूर छापून येतं. त्यांचे आकडे, त्यांच्या गाड्या, त्यांची सोनेरी बटणं. ज्यांनी ती बटणं मिळवून दिली ते लोक राहतात कुठे, तर अशा ठिकाणी. मला बघायचं होतं ते या दोघांमधलं नातं, आणि नेमकं सांगायचं तर त्यातला आदर. एकमेकांवर प्रेम आहे यात शंकाच नाही. ताई, दादा, आजी, भाऊ अशी नाती तर पहिल्या व्हिडिओपासून जुळतात. पण प्रेम असलं की आदर आपोआप येतो असं घरातही होत नाही, मग पडद्यावर कुठून होणार?

*

या विषयाची सुरुवात इंटरनेटच्या कितीतरी आधी, पुणे जिल्ह्यातच सापडते. नारायणगाव हे तमाशाचं माहेरघर. यात्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या तिथे लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. याच गावाचं नाव लावणाऱ्या विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांची एक गोष्ट तमाशाच्या दुनियेत सगळ्यांना पाठ आहे. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या. खेळ चालू असतानाच कळा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा नाचायला बोर्डावर आल्या. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात. विठाबाईंची जिद्द, कलेवरची निष्ठा, टाळ्या.

मला त्या गोष्टीचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मघाशी जिचं पोट दिसत होतं ती बाई आता मोकळी होऊन आली आहे, हे प्रेक्षकांच्या ध्यानात आलं. काय घडलं ते कळल्यावर त्याच प्रेक्षकांनी खेळ पुढे चालू द्यायला नकार दिला. तिकिटाचे पैसे मोजून आलेली, रात्रभर जागायची तयारी ठेवून बसलेली माणसं होती ती. बाईने आपली बाजू पुरेपूर निभावली होती, प्रेक्षकाने आपला हक्क सोडला. दोघांनीही एकमेकांना हिशेबापेक्षा जास्त दिलं, आणि प्रेक्षकाने दिलं ते न मागता.

याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून बघा. १२ मार्च १९११, मुंबईत किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करण्याची तयारी होती, पण मायबाप रसिकांचा विरस नको म्हणून बालगंधर्व भामिनी होऊन उभे राहिले. पिढ्यान् पिढ्या ही गोष्ट आदर्श म्हणून सांगितली गेली. मला ती ऐकताना अस्वस्थ व्हायला होतं. बालगंधर्वांच्या मोठेपणाविषयी प्रश्न नाही. पण यात प्रेक्षकाच्या वाट्याला करण्यासारखं काहीच उरत नाही, तो फक्त घेणारा होतो. विठाबाईंच्या गोष्टीत प्रेक्षकालाही मान आहे, कारण त्याला मन दाखवायची संधी मिळाली आणि त्याने ती घेतली.

आजचा यूट्यूबर यातल्या कोणत्या गोष्टीत राहतो? दिसतं असं की बहुतेक जण ‘मानापमान’च्या प्रयोगात अडकले आहेत. आठवडाभर व्हिडिओ आला नाही की पुढच्या व्हिडिओची सुरुवात माफीने होते. ताप होता, घरात दुःखद घटना घडली, सॉरी, खूप दिवसांनी भेटतोय. ही माफी मागायला लावली कुणी? खरं तर शिफारशी करणाऱ्या मशीनने. नेमाने टाकत राहिलं नाही तर शिफारशीच्या रांगेत मागे पडू, ही भीती. पण ती भीती प्रेक्षकाच्या नावावर खपवली जाते. प्रेक्षकाला विचारलं तर तो बहुधा म्हणेल, आधी बरा हो.

*

जुन्या काळाची ओवाळणी करण्याचा मोह इथेच आवरलेला बरा. तमाशाच्या फडावर रात्री शिट्ट्या वाजवणारा, दौलतजादा उधळणारा गाव दिवसा त्याच कलावंतांना पाणवठ्यापासून लांब ठेवत होता. विठाबाई, त्यांचे वडील-चुलते भाऊ-बापू, त्यांच्यासारखी असंख्य घराणी मांग, महार, कोल्हाटी समाजातली. कलेला दाद आणि माणसाला हेटाळणी हे दोन्ही एकाच हाताने दिलं जाई. विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं, आणि अखेरच्या आजारपणात दवाखान्याच्या खर्चासाठी मदत गोळा करावी लागली. त्यांच्या नावाने राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला तो त्या गेल्यानंतर, २००६ मध्ये.

तरी त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती, कनात. कापडाची भिंत. इकडे बोर्ड, तिकडे कलावंतांची जागा. बोर्डावर काय म्हणायचं ते म्हणा, फर्माईश करा, फेटा उडवा. कनातीच्या पलीकडे बाई पोराला पाजत असेल, कुणी भाकरी खात असेल, कुणी उद्याच्या गाडीचा हिशेब करत असेल. तिथे प्रेक्षकाने डोकवायचं नाही. डोकवणारे होतेच, त्यांना फडावरची माणसं हाणायचीही. म्हणजे नियम मोडला जाई, पण नियम आहे हे मोडणाऱ्यालाही माहीत असे.

मोबाइलने ही कनात काढून टाकली. नर्तिका गौतमी पाटीलचं उदाहरण घेऊ. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याची ही मुलगी. तिला मोठं केलं ते रील्सनी. ज्याने तिचा कार्यक्रम कधी प्रत्यक्ष पाहिला नाही, त्याच्याही मोबाइलमध्ये ती होती. मग गावोगावच्या यात्रा-जयंत्यांच्या सुपाऱ्या येऊ लागल्या आणि त्यांच्याबरोबर हुल्लडबाजीच्या बातम्या. मिरज तालुक्यातल्या बेडगला तर प्रेक्षक शाळेच्या छपरावर चढले आणि कौलं फुटली. सुरुवातीच्या काळात तिच्या अदाकारीवर टीका झाली, सुरेखा पुणेकरांसारख्या लावणीतल्या ज्येष्ठांनी जाहीरपणे कान टोचले. गौतमीने जाहीर माफी मागितली आणि सादरीकरण बदललं. कलावंताने रसिकाचा, त्यातही जाणकार रसिकाचा, मान ठेवण्याचं हे उदाहरण आहे आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही असं मला वाटतं.

उलट बाजूने काय झालं? कपडे बदलण्याच्या जागेत कुणीतरी चोरून तिचं चित्रण केलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते मोबाइलवरून फिरायला लागलं. पुण्याच्या विमानतळ पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला, राज्य महिला आयोगाने दखल घेतली. चित्रण करणारा एक असेल. पुढे पाठवणारे हजारो होते, आणि त्यातले कितीतरी स्वतःला तिचे चाहतेच म्हणवत असणार. कनात फाडायला पूर्वी हात लागायचा. आता अंगठा पुरतो, आणि अंगठ्याने केलेल्या गोष्टीची लाज हाताने केलेल्या गोष्टीएवढी वाटत नाही. धायरीत असो की धुळ्यात, हा व्हिडिओ ज्या-ज्या ग्रुपवर आला तिथे ‘हे पुढे पाठवू नका रे’ असं लिहिणाऱ्याला मी विठाबाईंच्या त्या प्रेक्षकांचा खरा वारस मानतो. अशी माणसं होती का? असणारच. पण न पाठवलेल्या व्हिडिओची नोंद कुठे होत नाही. व्ह्यू मोजले जातात, मोडता घालणारे मोजले जात नाहीत.

*

अनादराचा दुसरा एक प्रकार हसण्याचा आहे आणि तो ओळखायला जास्त अवघड. सूरज चव्हाण बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा. आईवडील लहानपणीच गेले, घरची परिस्थिती हलाखीची, शिक्षण जेमतेम. टिकटॉकवर त्याचे व्हिडिओ गाजले ते ‘गुलीगत’ आणि तसल्याच त्याच्या स्वतःच्या शब्दांमुळे, त्या विशिष्ट हातवाऱ्यांमुळे. लोक हसत होते. पण कशाला? विनोदाला की त्याला? त्या काळातल्या प्रतिक्रियांचा बाज आठवला तर उत्तर फारसं सुखाचं नाही. शहरातल्या मुलांनी त्याची नक्कल करायची, तीही त्याच्यासारखं होण्यासाठी नव्हे, तर आपण त्याच्यासारखे नाही हे दाखवण्यासाठी.

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेलं. बरेच जण तिथेच संपले. सूरज इन्स्टाग्राम-यूट्यूबवर तग धरून राहिला. २०२४ मध्ये तो ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात गेला. त्याच घरात ‘कोकण हार्टेड गर्ल’ अंकिता वालावलकर होती, इचलकरंजीचा धनंजय पोवार होता, म्हणजे ऑनलाइन जगातली माणसं एव्हाना टीव्हीच्या पाहुण्यांच्या रांगेत नव्हे तर यजमानांच्या रांगेत आली होती. ६ ऑक्टोबर २०२४ ला सूरज जिंकला. बक्षिसाची रक्कम १४ लाख ६० हजार. मधल्या सत्तर दिवसांत जे झालं ते मला महत्त्वाचं वाटतं. पंधरा सेकंदांच्या तुकड्यात जो वेडगळ दिसत होता, तो रोज तासभर दिसायला लागल्यावर माणूस दिसला. झाडू मारणारा, कमी बोलणारा, न समजलेलं न समजलं म्हणणारा. हसणाऱ्यांपैकीच कित्येकांनी मग त्याला मतं दिली.

थोडी वाकडी शंका मनात येते. त्या मतांत आदर किती आणि दया किती? गरिबाघरचा पोर जिंकला, याचा आनंद आपल्याला होतो तेव्हा त्यात आपल्याच मोठ्या मनाचं कौतुक किती असतं? एप्रिल २०२५ मध्ये केदार शिंदे यांनी त्याला घेऊन केलेला ‘झापुक झुपूक’ आला, तेव्हा मतदानाची ती गर्दी चित्रपटगृहांत दिसली नाही. त्यावरून चाहत्यांना बेइमान म्हणणारे लेख आले. मला ते पटत नाही. मत दिलं म्हणजे पुढच्या प्रत्येक गोष्टीचं तिकीट काढायचा करार केला असं होत नाही. आवडलं नाही तर न बघणं हाही प्रेक्षकाचा प्रामाणिकपणा. कलाकाराला भोळाभाबडा समजून आंधळी पाठराखण करण्यापेक्षा, याचा पुढचा सिनेमा चांगला असेल तर जाऊ असं म्हणणं जास्त बरोबरीचं आहे.

*

आता पारडं दुसऱ्या बाजूला. कलाकार चाहत्याचा मान राखतो म्हणजे काय करतो? नमस्कार मंडळी म्हणतो, ‘तुमच्यामुळेच मी’ म्हणतो, लाखाचा टप्पा गाठला की केक कापतो. यातलं काहीच खोटं नाही, पण यातलं काहीच महागही नाही. खरी परीक्षा पैशाच्या जागी होते.

पडद्यामागचा व्यवहार साधा आहे. यूट्यूबवर एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहणं झालं (किंवा शॉर्ट्सला नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यू) की जाहिरातीचा वाटा मिळायला लागतो. लांब व्हिडिओवर शंभरातले ५५ रुपये कलाकाराला, शॉर्ट्सवर ४५. पण मराठी प्रेक्षकाच्या व्ह्यूला जाहिरातदार इंग्रजी प्रेक्षकाइतकी किंमत देत नाहीत, त्यामुळे एवढ्यावर घर चालवणं कठीण. मग येते थेट जाहिरात. कलाकार स्वतः साबण, मसाला, क्लास, फ्लॅट दाखवतो. इथे तो ताई-दादा म्हणून मिळवलेला विश्वास विकायला काढतो, आणि तो कोणत्या मालाला विकतो त्यावर सगळं अवलंबून.

गेल्या पाच-सहा वर्षांत ग्रामीण तोंडवळ्याच्या मराठी रील्सच्या मध्येच रमी आणि तीनपत्तीच्या ॲपची जाहिरात इतकी सवयीची झाली होती की लोकांनी तिच्याकडे जाहिरात म्हणून बघणंच सोडलं. लाडका दादा सांगतोय, मी काल इतके जिंकले. ऐकणारा कोण, तर बारा तासांची पाळी करून आलेला, महिन्याचे पैसे गावी पाठवायचे असलेला पोरगा. सिनेमातल्या बड्यांनी हेच केलं, हे खरंच. पण सिनेमातल्या नटाला कुणी आपल्या घरचा समजत नाही. आपल्या बोलीत बोलणारा, आपल्यासारखाच विहिरीत पोहून मोठा झालेला माणूस हे सांगतो तेव्हा फसवणूक नात्यात होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे खेळ बंद, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रील्समधली रमी कमी झाली. पण ती कलाकारांना उपरती झाली म्हणून नाही, कायदा आला म्हणून. अपवाद असतील, आधीपासून नकार देणारेही असतील, त्यांना मानाचा मुजरा.

पैसे घेऊन स्तुती करत असाल तर तसं स्पष्ट सांगा, हा नियम जाहिरात मानक परिषदेने जून २०२१ पासून लागू केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने त्याला सरकारी मार्गदर्शनाचं रूप दिलं. दिशाभूल केल्यास दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पन्नास. तरी अजून जाहिरातीचा उल्लेख असा बारीक, असा कोपऱ्यात आणि असा इंग्रजीत असतो की ज्याला तो कळायला हवा त्याला तो दिसतच नाही. मराठीत व्हिडिओ करणाऱ्याने ‘ही जाहिरात आहे, मला याचे पैसे मिळाले आहेत’ एवढं मराठीत म्हणावं. त्याने माल कमी खपेल का? थोडा खपेलही कमी.

या बाबतीत स्वयंपाकाचे चॅनेल मला जास्त सरळ वाटतात, आणि त्याचं कारण सद्गुणात नसून कामाच्या स्वरूपात आहे. मधुरा बाचल यांनी अमेरिकेत असताना २००९ मध्ये पदार्थांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. पुढे पुण्यातून मराठीत त्यांचा पसारा वाढला. सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ सुरू केलं. दोघींचा प्रेक्षक तोच पदार्थ त्याच संध्याकाळी आपल्या गॅसवर करून बघतो. मापात चूक असेल तर ती तासाभरात घरात कळते, सासूसमोर कळते. विनोदाला, नाचाला अशी कसोटी नसते. जिथे प्रेक्षक रोज तपासून पाहू शकतो तिथे कलाकार जपून वागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये आजींचं चॅनेल हॅक झालं तेव्हा त्या बातमीने लोक हळहळले, ते परत मिळालं तेव्हा सुटकेचा श्वास सोडला. त्यात करमणूक बुडाल्याचं दुःख कमी आणि एका म्हातारीच्या कष्टाची चोरी झाल्याचा राग जास्त होता.

*

धायरीहून स्वारगेटला जाताना सिंहगड रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पु. ल. देशपांडे उद्यान लागतं. मराठीत लेखकाला मिळालेलं प्रेम मोजायचं तर पुलंपासूनच मोजावं लागतं. एकपात्री प्रयोगांना रांगा लावणाऱ्या प्रेक्षकाला पुलं आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाईंनी नेमकं काय दिलं? वेळेवर सुरू होणारा, काटेकोर बसवलेला प्रयोग दिला, आणि त्यातून जमलेल्या पैशाचा मोठा भाग पुन्हा समाजात सोडला. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामागे त्यांचंच आर्थिक बळ होतं. सुनीताबाईंच्या कडकपणाबद्दल कुरकुर करणारे तेव्हाही होते. मला मात्र तो कडकपणाच प्रेक्षकाचा मान वाटतो. तुमचे दोन तास आम्ही हलके समजत नाही, हे त्यातून कळायचं.

अगदी वेगळ्या टोकाला जी. ए. कुलकर्णी. धारवाडला राहणारे, काळ्या चष्म्याआड दडलेले, भेटीगाठी टाळणारे. पण वाचकाचं, स्नेह्याचं पत्र आलं तर मनापासून, पानंच्या पानं उत्तर लिहिणारे. त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड निघाले. घरी येऊ नका, पण लिहा, मी लिहीन. दाराशी एवढी ताठ आणि कागदावर एवढी उदार अशी व्यक्ती आजच्या जगात चालेल का? मला वाटतं चालावी. आज उलटं झालं आहे. कलाकाराचं घर, बाळाचं बारसं, आईचं ऑपरेशन, सगळं व्हिडिओत असतं, आणि चाहत्याने विचारलेल्या नेमक्या प्रश्नाला उत्तर मिळतं ते लाल बदामाचं. जवळीक दाखवली जाते, संवाद होत नाही. मग एखादा चाहता पत्ता शोधत थेट दारात उभा राहतो तेव्हा सगळा दोष त्याचाच का? स्वयंपाकघरापर्यंत बोलावून आणल्यावर उंबऱ्यावर थांब म्हणायचं, तर ते आधी सांगायला हवं होतं.

‘कोकणी रानमाणूस’चं वागणं या दृष्टीने बघण्यासारखं आहे. प्रसाद गावडेने कोकणाचं सौंदर्य लाखो लोकांसमोर नेलं, आणि ते बघायला येणाऱ्या गर्दीला तोच सांगत राहिला की येताना कसं या, गावात कसं राहा, कोकणाचं गोवा करू नका. आपल्या चाहत्याला कडू बोलणं हे धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाचं. पण जो कलाकार चाहत्याला कधीच नाही म्हणत नाही, तो त्याला गिऱ्हाईक समजतो.

*

एक काम असं आहे ज्याबद्दल कलाकार फारसं बोलत नाहीत. यूट्यूबच्या स्टुडिओत आणि इन्स्टाग्रामवर एक सोय असते. नको असलेले शब्द तिथे लिहून ठेवायचे, मग ते शब्द असलेली प्रतिक्रिया आपोआप अडवली जाते. मशीनला इंग्रजी शिव्या बऱ्यापैकी ओळखता येतात, मराठीच्या बाबतीत ते ढ. म्हणजे कुणीतरी बसून मराठीतल्या सगळ्या शिव्या, जातिवाचक उल्लेख, शरीरावरचे शेरे एकेक करून टाइप करायचे. आधी देवनागरीत, मग रोमन लिपीत, मग शिवी देणारे मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करतात तेही. सहसा हे काम बाईच्या चॅनेलवर जास्त असतं, आणि करणारा तिचा भाऊ, नवरा, कधी ती स्वतःच. नव्या कनातीचा हा दोर असा एका माणसाच्या गळ्यात पडतो.

प्रेक्षकाच्या हातात यातलं काहीच नाही असंही नाही. शिवी दिसली की तक्रारीचं बटण दाबायला दोन सेकंद लागतात. त्या शिवीला उलट शिवी देण्यापेक्षा ते उपयोगाचं, कारण भांडण वाढलं की मशीनला वाटतं इथे गर्दी आहे आणि ते तीच जागा आणखी लोकांना दाखवतं. हे तांत्रिक गणित धायरीतल्या कॉलेजच्या पोरांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते वापरतात मात्र स्वतःच्या रीलसाठी.

कारण आता मधली रेषच पुसट झाली आहे. बघणारा संध्याकाळी स्वतः कॅमेऱ्यासमोर असतो. सिंहगडाच्या वाटेवर, खडकवासल्याच्या काठावर, पावसाळ्यात तर कुठेही. जून २०२४ मध्ये धायरीपासून जवळच, जांभूळवाडीच्या बाजूला स्वामिनारायण मंदिराजवळच्या एका पडीक इमारतीवरून एक मुलगी एका मुलाचा हात धरून लोंबकळली, खाली कुणी चित्रण करत होतं. ते चित्रण देशभर फिरलं, भारती विद्यापीठ पोलिसांनी गुन्हा नोंदवला. लोकांनी मुलांना मूर्ख ठरवलं आणि विषय संपवला. पण त्या मुलांचा प्रेक्षकाविषयीचा अंदाज चुकला होता का? बिलकूल नाही. साध्या नाचाला जेवढे बघतील त्याच्या हजारपट लोक हे बघतील, असं त्यांनी धरलं होतं आणि आपण ते अक्षरशः खरं करून दाखवलं. विठाबाईंच्या प्रेक्षकांनी खेळ थांबवला होता. आपण तो पुन्हा-पुन्हा लावून पाहिला.

*

लोकप्रियता ओसरल्यावर काय, हा प्रश्न ऑनलाइन कलाकारांना अजून म्हातारपणाने विचारलेला नाही, कारण हा धंदाच तरुण आहे. पण टिकटॉकच्या बंदीने तो एका रात्रीत विचारला होता. ज्यांच्या मागे लाखांनी माणसं होती, त्यांच्याकडे सकाळी ना व्हिडिओ राहिले ना माणसांचा पत्ता. सूरजसारखे थोडे दुसरीकडे सापडले. उसाच्या फडातून, मेंढरांमागून, वीटभट्टीवरून व्हिडिओ टाकणारे कितीतरी मराठी चेहरे परत दिसलेच नाहीत. चाहत्यांनी त्यांना नावाने शोधायचं म्हटलं तर खरी नावं ठाऊक नव्हती, ठाऊक होती ती आकडे जोडलेली टोपणनावं.

महाराष्ट्र सरकार ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देतं. योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे, वय पन्नासच्या पुढे लागतं आणि २०२४ पासून महिन्याला सरसकट ५,००० रुपये मिळतात. अर्जाला कलेचे पुरावे जोडावे लागतात. तमाशातली बाई फडमालकाचं पत्र आणते, शाहीर जुनी हँडबिलं आणतो, भजनी मंडळाचा बुवा वर्तमानपत्राची कात्रणं. आज पस्तिशीत असलेला टिकटॉकचा कलाकार पंधरा वर्षांनी असा अर्ज करायला गेला तर काय जोडेल? ॲप नाही, खातं नाही, व्हिडिओ नाहीत. आहेत ते लोकांच्या जुन्या मोबाइलमध्ये, स्टेटसला ठेवायला म्हणून उतरवून घेतलेले. टिकटॉकवरून उतरवलेल्या व्हिडिओवर करणाऱ्याचं टोपणनाव कोपऱ्यात उमटलेलं असे. तो जुना हँडसेट भंगारात देण्याआधी कुणी चाहत्याने उघडून पाहिला, तर त्या माणसाच्या कामाचा बहुधा तेवढाच कागद शिल्लक निघेल.